ठकीच्या नावडी

फ्रिजचा माथा. सगळ्यांत आधी तो गेला. कुठल्या महिन्यात, ते घरात कुणालाच सांगता येत नाही. जागा रिकामी दिसली म्हणून तिथे पोह्यांचा डबा चढला, मग शेवयांचा, मग दिवाळीचे रिकामे डबे. नंतर ओटा गेला. खिडकीचा कट्टा गेला. दिवाणावर चढता येईना तेव्हा सासूबाईंनी खाली पाट ठेवला, आणि पाटही जड जाऊ लागला तेव्हा आम्ही तिची गादीच जमिनीवर आणली. ठकी कधी लंगडली नाही. दोन्ही बाजूंचे सांधे सारखेच दुखत असतील तर लंगडणार कुठल्या पायाने? अमेरिकेत 12 वर्षांवरच्या 100 मांजरांचे एक्स-रे तपासले होते. 2002 साली ते छापून आलं. त्यांतल्या 90 मांजरांच्या सांध्यांत झीज निघाली. मांजर दुखणं बोलून दाखवत नाही, वर चढायचं सोडून देतं. घरही पाट, उशी, गादी करत तिच्या मागोमाग खाली येतं, त्यामुळे काही गेलंय असं कुणाला वाटतच नाही.

*

दुधाची पिशवी कापायच्या कात्रीचा आवाज. कात्री तीच, वेळ तीच. पूर्वी पिशवीचा कोपरा पुरता कापून व्हायच्या आत ती पायांत यायची. आता मान वळत नाही. बहिरी झाली असेल म्हणून मागे चमचा आपटून पाहिला, तर कान हलला. ऐकू येत होतं. दूध नको होतं.

मांदेलीची डोकी त्याच पंधरवड्यात गेली. कोळीणबाई अजून बाजूला काढून ठेवतात. घेते मी, आणि खाली गेटपाशी टाकते.

*

पांढरा रंग. ठकी कबरी: पाठीवर काळे-तांबूस डाग, पोट आणि पाय पांढरे. तो पांढरा तिचा तिने राखलेला होता. आता तो पिवळट झालाय. कमरेपर्यंत मान वळत नाही, म्हणून तिथे केसांच्या जटा झाल्यात. त्या कापायच्या तर आधी जटेखालून, कातडीला लागून, बारीक कंगवा सरकवावा लागतो आणि कंगव्याच्या वरून कात्री चालवावी लागते. नाहीतर केसांबरोबर कातडी वर उचलली जाते आणि कापली जाते. म्हाताऱ्या मांजराची कातडी जुन्या नऊवारीच्या पदराइतकी विरलेली असते.

*

नखांची धार. सोफ्याचा उजवा कोपरा तिने पार सोलून काढला होता. नवा सोफा घ्यायचा तो ‘ठकी आहे तोवर नको’ म्हणून राहिला. कोपरा आता आहे तसाच आहे, त्यात नव्या रेघा पडत नाहीत. न झिजलेली नखं जाड होतात, वाकतात, पंजाच्या गादीत रुततात, आणि नीट आत ओढलीही जात नाहीत. रात्री ती पाणी प्यायला उठली की लाद्यांवर टकटक ऐकू येते. सतरा वर्षं हे मांजर आवाज न करता चाललं.

*

वाढलेल्या गोष्टीही याच यादीत धरायला हव्यात. पाणी वाढलं. तिच्या वाटीतलं, मग बादलीतलं, मग मोरीत साचलेलं. आम्ही म्हणालो, उन्हाळा आहे. मूत्रपिंडाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग निकामी होतो तेव्हा लघवी पातळ व्हायला लागते, आणि तहान लागते ती त्यामुळे. रक्तातलं क्रिएटिनिन हलायला त्याहून वेळ लागतो. तीन-चतुर्थांशाच्या आसपास काम बंद पडलेलं असतं, तेव्हा कुठे रिपोर्टात आकडा ठळक छापून येतो. म्हणजे ज्या कागदाने आपण घाबरतो तो कागद उशिराच आलेला असतो. डॉक्टर चार पायऱ्या सांगतात. 5च्या वर क्रिएटिनिन म्हणजे चौथी. पाचवी नाही.

*

सलाईन. हे आम्ही घरी शिकलो. रिंगर लॅक्टेटची बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात दहा मिनिटं ठेवायची, मनगटावर टेकवून बघायची, पडद्याच्या दांड्याला सुतळीने टांगायची. खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरून वर उचलली की तंबू होतो; सुई त्या तंबूच्या दारातून आत. शिरेत नाही, कातडीखाली. एका वेळी साधारण 100 मिलि. पाण्याचा फुगा होतो, तो हळूहळू एका खांद्यावर घसरतो आणि तासाभरासाठी ठकी बाहीत पाणी भरल्यासारखी दिसते. दिवसभरात ते शरीरात जिरतं. दुसऱ्या दिवशी ती थोडं खाते, थोडं चालते, आणि घरातले एकमेकांकडे बघतात.

सुरुवातीला धरायला दोन माणसं लागायची. नवरा टॉवेलात गुंडाळून पाय धरायचा, मी सुई. मग टॉवेल लागेना. मग नवरा लागेना. मी सगळ्यांना सांगत सुटले होते की आता मला किती सराईतपणे जमतं.

*

परत आलेली एकच गोष्ट: मान. एका सकाळी तिची मान खाली लोंबली, हनुवटी छातीला लागली, आणि ती खालून वर, डोळ्यांच्या कडेतून बघायला लागली. आम्हाला वाटलं संपलं. डॉक्टर म्हणाल्या, पोटॅशियम कमी झालंय, मूत्रपिंड ते लघवीतून बाहेर टाकतंय. त्यांनी पोटॅशियम सुरू केलं आणि मान काही दिवसांत वर आली. असं काही परत आलं की पुढच्या प्रत्येक जाण्याला माणूस ‘हेही परत येईल’ म्हणतं. त्या मानेने आमचे पुढचे कितीतरी दिवस खाल्ले.

(याच सुमारास वरच्या मजल्यावरच्या काकूंनी, दुखतंय ना तिला, मग पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दे, असं सुचवलं. ते औषध मोडायची सोयच मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. एवढ्याशा गोळीने मांजर जातं, आणि फार वाईट तऱ्हेने जातं.)

*

निघून जाण्याची सोय. माझ्या आजोळी, चिपळूणकडे, मांजर कधी मेलेलं पाहिलं नाही. म्हातारं झालं की एक दिवस दिसेनासं व्हायचं. मांजर घरात मरत नाही, असं मोठी माणसं सांगायची आणि विषय तिथे संपायचा. आजारी जनावर आडोसा शोधतं, एवढाच त्याचा अर्थ असावा. गवताची उडवी, गोठ्यामागचा पालापाचोळा, पडीक घराचा माळा. आडोसा भरपूर होता. आत किती दिवस लागत होते, शेवटी कोल्हं-कुत्रं येत होतं का, हे कुणी जाऊन पाहिलं नाही. त्यालाच आम्ही चांगलं मरण म्हणत आलो.

बोरिवलीच्या चौथ्या मजल्यावर आडोसा म्हणजे वॉशिंग मशीनच्या मागची जागा. बाल्कनीला कबुतरांची जाळी. दार दोन कड्यांचं. ठकी मशीनमागे जाऊन बसते आणि आम्ही तिला बाहेर काढून सलाईन लावतो. तिने कुठे जायचं ते आम्हीच बंद केलंय, म्हणून केव्हा जायचं हा प्रश्न आमच्या गळ्यात आला. आजीच्या गळ्यात तो कधी आला नाही, त्यामुळे या बाबतीत तिच्याकडून काही शिकून घ्यायला उरलं नाही.

*

घुरघुर. ही यादीत धरू नये. घुरघुरते आहे म्हणजे सुखात आहे, असं आमच्या घरात प्रत्येकाने कधी ना कधी म्हणून झालंय. मांजर प्रसूतीच्या कळांतही घुरघुरतं, हाड मोडल्यावरही, आणि शेवटच्या दिवशीही. त्यापेक्षा चेहरा बघावा. माँट्रियलच्या विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी 2019 साली मांजराच्या तोंडावरून दुखणं ओळखायचं माप प्रसिद्ध केलं: कानांची टोकं बाहेर फाकलीत का, डोळे किलकिले आहेत का, नाकाडाचा गोलावा ताणून लांबट झालाय का, मिशा सरळ ताठ झाल्यात का, डोकं खांद्यांच्या रेषेखाली गेलंय का. पाच गोष्टी, प्रत्येकीला शून्य ते 2. दहापैकी 4 झाले की दुखण्यावर औषध द्यायची वेळ आली असं धरतात. मी तिच्यासमोर पालथी पडून मिशा बघत होते तेव्हा सासूबाई दारात येऊन थांबल्या आणि काही न विचारता परत गेल्या.

*

आणखी एक माप आहे, जास्त प्रसिद्ध. अ‍ॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकी पशुवैद्यबाईंनी 2004 साली केलेलं. दुखणं, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. सात प्रश्न, प्रत्येकाला 10 गुण, बेरीज 35च्या वर असेल तर अजून चालवायला हरकत नाही. नवऱ्याने आणि मी वेगवेगळ्या कागदांवर गुण दिले. त्याने आनंदाला 8 दिले. कशाचे 8, विचारलं तर म्हणाला, मी ऑफिसातून आलो की बघते माझ्याकडे.

मग कालनिर्णय. भिंतीवरच्या चौकोनांत चांगल्या दिवसाला बरोबरची खूण, वाईट दिवसाला फुली. पद्धत डॉक्टरांनी सांगितली होती आणि पद्धतीत काही खोट नाही. पण चांगला दिवस म्हणजे काय, हेच पानागणिक खाली येतं. आधी चांगला दिवस म्हणजे ठकी खिडकीत बसली. मग चांगला दिवस म्हणजे वाटीभर खाल्लं. मग बोटावरचं चाटलं. मग उलटी झाली नाही. शेवटच्या पानावर बरोबरच्या खुणा पहिल्या पानापेक्षा जास्त होत्या.

*

आवडी मोजत बसण्यात हा घोटाळा आहे. आवड थोडी उरली तरी उरली असं धरता येतं. बोटावरचं तूप चाटलं की भूक आहे असं लिहिता येतं. नावडीत असं थोडंसं काही नसतं, म्हणून मी नावडींची यादी केली.

ठकीला पोटावर हात चालत नसे. बंद दार चालत नसे, मग ते कुणाच्याही खोलीचं असो. मिक्सर, ओला हात, उदबत्तीचा धूर, पाहुण्यांची पाचेक वर्षांची मुलं, नवऱ्याचं शिंकणं, जेवताना मागून कुणी गेलेलं. दवाखान्याची पिशवी कपाटातून निघाली की ती पलंगाखाली, भिंतीला चिकटून, हात पुरणार नाही अशा बरोबर मधल्या जागी. बाल्कनीच्या जाळीपलीकडे पॅरापेटवर येणारा तो पिवळा बोका तिचा खरा वैरी. त्याचा नुसता कान दिसला तरी ठकीची पाठ कमानीसारखी वर, आणि घशातून असा आवाज की खालचा वॉचमन मान वर करायचा. दवाखान्यातल्या तिच्या फाइलवर पहिल्याच पानावर लाल शाईत ‘चावते’ असं लिहिलेलं आहे, दोनदा अधोरेखित.

पोटावरचा हात तिने कधी चालवून घ्यायला सुरुवात केली ते मला माहीत आहे, कारण मला तेव्हा आनंद झाला होता. उदबत्ती आता नाकासमोर लावली तरी ती डोळे मिटते. माझ्या भाचीने तिला उचलून बाहुलीसारखं फिरवलं आणि सगळ्यांनी ‘किती शांत झालीये’ म्हणून कौतुक केलं. पिशवी निघाली तर ती जिथे असते तिथेच असते. गेल्या आठवड्यात बोका जाळीपाशी आला. ठकी ऊन खात जाळीला टेकून पडली होती, मध्ये वीतभर अंतर. त्याने वास घेतला, बराच वेळ घेतला. तिने त्याच्याकडे पाहिलं. आणि हनुवटी परत पंजांवर ठेवली. बोकाही फिस्कारला नाही. थोडा वेळ बसून उडी मारून निघून गेला.

मंगळवारी डॉक्टरांनी शेपटी उचलून थर्मामीटर घातला. मी सवयीने मानेवर हात ठेवला होता, त्याची गरज पडली नाही. सलाईनच्या वेळी टॉवेल लागेनासा झाला होता तेव्हा मी त्याला माझी सफाई समजत होते. डॉक्टरांनी तापमान वाचलं, लिहून घेतलं, आणि फाइल मिटायच्या आधी पहिलं पान उलटून ती लाल अक्षरं बघितली.

घरी येऊन मी नवऱ्याला यादी वाचून दाखवली. त्याने गुणांचा कागद परत काढला नाही.

*

ठकीला कायमचं झोपवायला सासूबाईंचा विरोध होता, आणि तो पहिल्यापासून ज्यांनी ‘मांजर कशाला घरात’ म्हटलं त्यांचा होता, म्हणून मला तो जास्त जड गेला. त्या म्हणाल्या, “तिने अन्न सोडलंय. विनोबांनी सोडलं होतं. तिला कळतंय, तिला जाऊ दे तिच्या पायांनी.”

विनोबांचं पवनारचं मला ठाऊक होतं: 1982चा नोव्हेंबर, अन्न, पाणी, औषध सगळं नाकारलेलं, 15 तारखेला गेले. सासूबाई तेव्हा वर्ध्याला होत्या, त्यांच्यासाठी ती ऐकीव गोष्ट नाही. मी म्हटलं, “आई, विनोबांनी ठरवून सोडलं. हिला मळमळतंय. हिच्या तोंडात फोड आलेत, जिभेच्या कडेला, बघा तुम्ही. वाटीपाशी जाते, वास घेते, ओठ चाटते आणि मागे फिरते.” त्यांनी पाहिलं. तोंडाला येणारा मुतारीसारखा वासही त्यांना आला. रक्तातला युरिया वाढला की तो येतो. मूत्रपिंडाने मरणारं मांजर झोपेत जातं असं कुणी म्हणत असेल तर त्याने शेवटचे दोन-तीन दिवस पाहिलेले नसतात.

मग त्या पापावर आल्या. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं. हे त्यांनी हसत सांगितलं, पण सांगितलंच. नवरा म्हणाला, आजच्या भावाने ठकीच्या वजनाचं सोनं घ्यायला फ्लॅट विकावा लागेल. ती आता सव्वादोन किलो आहे. (तोलायची रीत: तिला घेऊन वजनकाट्यावर उभं राहायचं, मग तिच्याशिवाय, आणि वजाबाकी.)

मी त्यांना साबरमतीचं वासरू सांगितलं. 1928. आश्रमातलं वासरू असह्य वेदनेत होतं, बरं होण्याची आशा नव्हती. गांधींनी डॉक्टरकडून इंजेक्शन देऊन ते मारवलं, आणि त्यावर स्वतःच ‘नवजीवन’मध्ये लिहिलं. केवढा गहजब झाला. अहिंसा शिकवणाऱ्या माणसाने गायीचं वासरू मारलं म्हणून संतापाची पत्रं आली. ते मागे हटले नाहीत. आपल्या 1960च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यातही तेराव्या कलमात हे गृहीत धरलेलं आहे की एखाद्या जनावराला जिवंत ठेवणं हेच क्रूरपणाचं होऊ शकतं.

सासूबाई म्हणाल्या, “गांधींना विचारायला वासराची आई होती तिथे?” आणि उठून देवापाशी गेल्या. याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं, अजून नाही.

रात्री त्या स्वतःच म्हणाल्या, “उदबत्ती लावली, हलली नाही गं.”

*

तारीख. ही सगळ्यांत हट्टी. ज्या कालनिर्णयात खुणा केल्या त्याच कालनिर्णयाने आठ दिवस खाल्ले. गुरुवार नको. एकादशीला तर नकोच. संकष्टीला सासूबाईंचा उपास. शनिवारी नवऱ्याला सुट्टी, पण शनिवारी असं काही करू नये. अमावास्या. मग मुलीचा बंगळुरूहून फोन, मी येईपर्यंत थांबा. मुलीला तिकीट महिनाअखेरचं मिळत होतं. तिला मी व्हिडिओ कॉलवर ठकी दाखवली, सलाईन नसताना, सकाळच्या वेळी. ती म्हणाली, थांबू नका.

डॉक्टरांचं या बाबतीत म्हणणं एवढंच: वाईट रात्र येऊन गेल्यावर धावतपळत, रिक्षात, बंद दवाखान्याच्या दारात हे करण्यापेक्षा बऱ्या दिवशी घरी करा. बऱ्या दिवशी करायला हात धजत नाही हे त्यांनाही माहीत आहे. त्यांच्या स्वतःच्या मांजराच्या वेळी, म्हणाल्या, मी दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं.

शुक्रवार ठरला. दुपारी चार. त्या घरी येणार.

*

काय होणार ते त्यांनी फोनवर सांगितलं, मी लिहून घेतलं, कारण घरात तीन वेळा सांगावं लागणार होतं. आधी झोपेचं इंजेक्शन. त्याने पाच-दहा मिनिटांत गाढ गुंगी येते. कधी त्याआधी एखादी उलटी होते, घाबरायचं नाही. मग पुढच्या पायावरचे केस थोडे काढून शिरेतून भूल, पण भुलेच्या कितीतरी पट. श्वास आधी थांबतो, मग हृदय, मिनिटा-दोन मिनिटांत. डोळे मिटत नाहीत, मिटायला जाऊ नका. नंतरही एखादा श्वास आल्यासारखा दिसतो, तो श्वास नसतो. खाली जुना टॉवेल ठेवा, लघवी होते. मालाडला महापालिकेची प्राण्यांसाठी गॅसची दाहिनी आहे, 2023पासून. तिथे आधी फोन करून ठेवा.

सकाळपासून सलाईन लावायचं नाही. तूप चालेल, हवं तेवढं. मांदेली उकडून, काटा काढून.

घरात कोण कुठे बसणार हेही ठरलं. मांडीवर माझ्या. नवरा शेपटीकडे. मुलगी फोनवर नको, नंतर कळवायचं. सासूबाई म्हणाल्या होत्या की मी खोलीत नसणार, मग म्हणाल्या दारात बसेन, मग पाट कुठे ठेवलाय असं विचारलं. वॉशिंग मशीन पुढे ओढून ठेवायचं, म्हणजे शेवटच्या क्षणी मागे जाऊन बसली तर काढता येईल. नवरा म्हणाला, नाही जाणार ती. तरी ओढून ठेवलं.

मग सासूबाईंनी विचारलं, “डॉक्टरांना चहा नंतर विचारायचा की आधी?”

कुणालाच सुचेना. नवरा म्हणाला, आधी विचारला तर त्या घेणार नाहीत. मी म्हटलं, नंतर आपल्याला करता येईल का? सासूबाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “थर्मासमध्ये करून ठेवते. साखर वेगळी.”